गोणपाटावरच्या विद्यार्थ्याला विचारले कोणी?

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या दप्तरात भिवा या नावाची नोंद झाली. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. आपल्या वस्त्यांतही तो साजरा होतो. प्रतिमेला पुष्पहार, गुणवंतांचा सत्कार आणि सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम हे सारे चांगलेच आहे. परंतु या निमित्ताने आपण मुलांपुढे विद्यार्थी बाबासाहेबांचे जे चित्र ठेवतो ते अर्धेच असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिव्याच्या उजेडात मान खाली घालून वाचणारा विद्यार्थी आपण दाखवतो. मान वर करून विषय निवडणारा, गुरूशी मतभेद ठेवणारा आणि पुढे स्वतः संस्थाचालक झाल्यावर विद्यार्थ्याला तोच अधिकार देणारा महामानव मात्र आपण सांगत नाही.

हे आम्ही आज एपीएमसी मार्केटच्या संदर्भात लिहीत आहोत, त्याला कारण आहे. वाशी-तुर्भ्याच्या या घाऊक बाजारात रात्री भाजीपाल्याच्या गाड्या लागतात आणि पहाटेच व्यवहार सुरू होतो. गोण्या वाहणारा माथाडी, कांदा-लसूण निवडणारी बाई, झाडलोट करणारा सफाई कामगार, या सर्वांच्या घरी आज शिकणारी मुले आहेत. त्यातली काही मुले स्वतःच रात्री बाजारात राबतात आणि सकाळी कॉलेजच्या बाकावर येऊन बसतात. कॉलेजात त्यांच्याकडून एक छापील अभिप्राय-पत्रक भरून घेतले जाते. शिक्षक वेळेवर येतात काय, अभ्यासक्रम पूर्ण होतो काय, पाचपैकी किती गुण द्याल? अनेक ठिकाणी हे पत्रक फाईलला लागते, मूल्यांकन समिती येते, फाईल पाहते आणि निघून जाते. शिकवण्यात काय बदलले, हे पत्रक भरणाऱ्याला कोणी सांगत नाही.

विषयाच्या निवडीचेही तेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ पासून निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर विद्यार्थ्याच्या निवडीचा गजर आहे. कागदावर विषयांची यादी लांबलचक असते. परंतु ज्या विषयाला शिक्षक नाही, तो विषय निवडणार कसा? कॉलेजने जो दिला तोच घ्यायचा आणि त्याला आपली निवड म्हणायचे, अशी गरिबाच्या मुलाची गत आहे. अशा वेळी बाबासाहेबांचे विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून असलेले चरित्र याच अंगाने पुन्हा वाचले पाहिजे.

साताऱ्याच्या शाळेत भिवाला वर्गातील इतर मुलांबरोबर बसता येत नव्हते. बसायला त्याला स्वतंत्र गोणपाट होता. शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि रोज सकाळी परत आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, नाही तर घसा कोरडा. एपीएमसीत आज गोणपाटाचे ढीग लागलेले असतात. ते पाहताना आपल्या माणसाला हे आठवल्याशिवाय राहू नये. वर्गात कुठे बसायचे हेही ज्याला ठरवता येत नव्हते, त्याला तुला काय शिकायचे आहे, तुला शिकवलेले समजते काय, हे कोण विचारणार?

पुढे सुभेदार रामजी कुटुंब घेऊन मुंबईला आले. भीमरावांनी एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला. तिथे फळ्यावर गणित सोडवायला शिक्षकांनी त्यांना बोलावले, तेव्हा वर्गात एकच गोंधळ उडाला. कारण काय, तर सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते! डबे हलवल्यानंतरच भीमरावांना फळ्यापर्यंत जाता आले. त्याहून खोल घाव घातला तो संस्कृतने. त्यांना संस्कृत शिकायचे होते. परंतु अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवले जाणार नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या बळावर आत्मसात केले, ही गोष्ट वेगळी. निवड नाकारणे हा जातिव्यवस्थेचा प्राणच आहे, हे यातून समजून घेतले पाहिजे. धंदा निवडू नये, जोडीदार निवडू नये, देव निवडू नये आणि विषयही निवडू नये. ज्याची निवड मारली, त्याला वेगळ्या बेडीची गरजच उरत नाही.

त्या काळात या मुलाची निवड ओळखणारी दोन माणसे होती. एक त्याचे वडील. मुलाला हवे ते पुस्तक आणण्यासाठी लेकीचे दागिने गहाण ठेवून पैसे उभे करणारा हा बाप. कोणते पुस्तक हवे हे मुलगा ठरवी आणि ते आणण्याचा मार्ग बाप शोधी. दुसरे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांना दिसला. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर हे त्यांच्या शाळेचे शिक्षक नव्हते. ते दुसऱ्या शाळेत शिकवत. ज्या शाळेत हा मुलगा बसत होता तिथे त्याला जे कोणी विचारले नाही, ते बागेतल्या बाकावर एका परक्या शिक्षकाने विचारले.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. इथे चित्र पालटले. ज्याला मुंबईत एक भाषा निवडता आली नव्हती, त्याच्यापुढे एका मोठ्या विद्यापीठाचे सारे वर्ग खुले झाले. त्यांनी काय केले? अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. शिवाय फ्रेंच आणि जर्मन या भाषांचे प्राथमिक वर्ग. ही यादी आपल्या मुलांना पाठ करून दाखवण्यासाठी नाही. ती नीट वाचली तर दिसते की आपल्या समाजाच्या गुलामगिरीचा उलगडा करायला जे जे शास्त्र लागेल ते ते त्यांनी वेचून घेतले. निवड म्हणजे सोपा पेपर शोधणे नव्हे. आपला प्रश्न कोणता हे ओळखून त्यासाठी लागणारे ज्ञान मागणे म्हणजे निवड.

तिथली शिकवण्याची पद्धतही वेगळी होती. विद्यार्थी निबंध वाचणार आणि प्राध्यापक इतरांबरोबर बसून त्यावर चर्चा करणार. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचविशीतल्या भीमरावांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर अशा मातब्बर अभ्यासकांची मते त्यांनी त्यात तपासली आणि जिथे पटली नाहीत तिथे खोडून काढली. ज्या जॉन ड्यूई यांच्या विचारांचा बाबासाहेबांवर जन्मभर प्रभाव राहिला, त्यांचा लोकशाही आणि शिक्षण यांवरील ग्रंथ त्याच १९१६ साली प्रसिद्ध झाला. लोकशाही ही केवळ मतपेटीची गोष्ट नसून एकत्र जगण्याची रीत आहे आणि ती रीत वर्गातच रुजते, हा त्या विचाराचा गाभा आहे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. या प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. अस्पृश्य प्राध्यापक आपल्याला काय शिकवणार, अशी सुरुवातीला विद्यार्थ्यांची भावना होती. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यालाही काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. परंतु बाबासाहेबांची तयारी, त्यांची मांडणी आणि विषयाची खोली पाहून तेच विद्यार्थी तल्लीन झाले. दुसऱ्या कॉलेजांतील विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या वर्गाला येऊन बसू लागले.

यातून दोन धडे निघतात. पहिला असा की विद्यार्थ्याला पारख असते. बरे शिकवणे कोणते हे त्याला कळते आणि वाट मिळाली की तो पायांनी आपला अभिप्राय देतो. दुसरा धडा अधिक कडू आहे. पहिल्याच आठवड्यात जर तिथे अभिप्राय-पत्रक वाटले असते, तर विश्वरत्न ठरलेला हा प्राध्यापक जातीच्या पूर्वग्रहापायी नापास झाला असता! म्हणजे अभिप्राय घ्यायचा तो शिकवण्याचा. शिक्षकाच्या आडनावाचा, भाषेच्या लहेजाचा किंवा कपड्यांचा नव्हे. आज आपल्या समाजातून आलेले किती तरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबत आहेत. निनावी गुणांच्या जोरावर त्यांना घरी पाठवण्याचे हत्यार म्हणून हे पत्रक वापरले जाऊ नये, यासाठी हा धडा लक्षात ठेवावा लागेल.

१९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांना फार तिखट वाटला आणि तो पुन्हा लिहायला सांगण्यात आला. त्यांनी भाषा बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली तो ग्रंथरूपाने निघाला तेव्हा त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि आपल्याला या विद्यार्थ्याची अनेक मते मान्य नाहीत हे त्या प्रस्तावनेतच नोंदवले. विद्यार्थी गुरूशी असहमत, गुरू विद्यार्थ्याशी असहमत आणि तरीही गुरू त्याच्या ग्रंथाच्या दारात उभा! आपल्याकडे वर्गात उलट प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या अंतर्गत गुणांचे काय होते, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

हा अनुभव गाठीशी घेऊन बाबासाहेब परतले. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीच्या प्रश्नावलीला त्यांनी सविस्तर उत्तरे दिली. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबणे हे विद्यापीठाचे काम नव्हे, त्याचे स्वतःचे व्यक्तिमत्त्व जागे करणे आणि त्याला बुद्धीचे श्रम करायला लावणे हे खरे काम, अशी त्यांची मांडणी होती. विद्यार्थ्याने वस्तुस्थिती आणि मत यांतला फरक ओळखावा, पुरावा तोलावा, विरोधकाची बाजूही प्रामाणिकपणे मांडता यावी आणि मोठ्या नावांचीही किंमत स्वतः ठरवावी, असे त्यांना अपेक्षित होते. पुरावा तोलायला शिकलेला विद्यार्थी आपल्या वर्गातले शिकवणेही तोलणारच. तो हक्क त्याला नाकारून त्याच्याकडून स्वतंत्र बुद्धीची अपेक्षा करता येत नाही.

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारला आकडे ऐकवले. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शिक्षणाचा बाजार मांडण्याला त्यांनी विरोध केला. त्याच वर्षी विद्यापीठ कायद्यावर बोलताना, उच्च शिक्षण गोरगरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे त्यांनी बजावले. आमच्या मते शाळा सोडून जाणारे मूल हा शिक्षणव्यवस्थेला मिळालेला सर्वांत परखड अभिप्राय असतो. तो कोणत्याही पत्रकात भरलेला नसतो, म्हणून कोणी वाचत नाही.

१९३५ ते १९३८ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. तिथेही वकिलीच्या शिक्षणक्रमात सुधारणा कशी व्हावी याचा विचार त्यांनी लेखाद्वारे मांडला. परंतु त्यांच्या शिक्षणविचाराला खरी जागा मिळाली ती स्वतःच्या संस्थेत. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. ही साधी गोष्ट वाटते, पण ती क्रांतिकारक होती. कॉलेजच्या वेळेत विद्यार्थ्याने बसायचे ही रीत उलटून विद्यार्थ्याच्या वेळेत कॉलेज बसवले गेले. शिवाय कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद होती. तिथे मुले सभागृहाच्या रीतीने वाद करीत आणि बाबासाहेब स्वतः त्या संसदेपुढे बोलले. देशाचा कायदा घडवणारा माणूस मुलांच्या संसदेला संसद मानत होता.

सिद्धार्थ कॉलेज पुढे फोर्टात दादाभाई नौरोजी रोडवर स्थिरावले. त्याच रस्त्याच्या उत्तर टोकाला क्रॉफर्ड मार्केट आहे. मुंबईतले घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून वाशीला आले आणि १९९६ साली फळे-भाजीपालाही आला. बाजार हलला, त्याच्याबरोबर राबणारे हातही हलले. पण त्यांच्या वेळेला धरून कॉलेज बसवण्याचा विचार मात्र बाजाराच्या मागोमाग खाडी ओलांडून आला काय, हा आमचा प्रश्न आहे.

१९५० साली औरंगाबादेत सोसायटीचे दुसरे महाविद्यालय निघाले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. बौद्ध परंपरेत भिक्खू नागसेन हे उत्तर देणारे आणि ग्रीक राजा मिलिंद हा प्रश्न विचारणारा. महाविद्यालयाला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे! उत्तर देणारा मोठाच, म्हणून त्याच्या नावाची सावली साऱ्या परिसरावर. पण जिथे वर्ग भरतात त्या वास्तूवर प्रश्नकर्त्याचा मान. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या जोतिराव फुले यांच्या शाळेत १८५५ साली चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहून धर्माला जाब विचारला होता आणि तो ज्ञानोदयात छापून आला होता. मुक्तापासून मिलिंदापर्यंत ही आपली परंपरा आहे. १९५६ साली त्यांनी जो धम्म स्वीकारला, त्याचा शास्ताही आपला शब्द तपासून घ्यायला सांगतो. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता पुन्हा एपीएमसीकडे येऊ. मार्च ते मे हा हापूसचा हंगाम. फळबाजारात पेट्यांचा पूर येतो, हातांना काम मिळते, चार पैसे जास्त सुटतात. नेमक्या याच दिवसांत परीक्षांचाही हंगाम असतो. पेटी उचलायची की पुस्तक, ही या मुलापुढची खरी निवड आहे. श्रेयांकाच्या कोष्टकात तिला रकाना नाही. आंब्याच्या सौद्यात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी चाल इथल्या माणसांना ठाऊक आहे. ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाच भाव कळत नाही, ही त्या चालीविरुद्धची तक्रारही जुनी. अभिप्रायाची पत्रके आज तशीच रुमालाखाली आहेत. व्यवस्थापन आणि समिती यांची बोटे एकमेकांना भेटतात आणि ज्याचे शिकणे पणाला लागले आहे तो विद्यार्थी बाहेर उभा असतो.

मात्र एक सावधगिरी हवी. विद्यार्थी हा गिऱ्हाईक नव्हे. बाजारात ज्याच्या खिशात पैसा त्याला निवड. फी भरणारा म्हणून विद्यार्थ्याचे ऐकायचे ठरवले, तर जास्त फी भरणाऱ्याचे जास्त ऐकले जाईल. बाबासाहेबांचा विरोध याच विचाराला होता. विद्यार्थ्याचे ऐकायचे ते तो वर्गाचा समान नागरिक आहे म्हणून.

तेव्हा यंदाच्या विद्यार्थी दिवशी आपण हार घालून थांबू नये. आपल्या माणसांनी चालवलेल्या संस्था, वसतिगृहे, बुद्धविहारातील अभ्यासिका आणि शिकवणी वर्ग यांच्यापासूनच सुरुवात करावी. अभिप्राय वर्षाच्या शेवटी न घेता सत्राच्या मध्यावर घ्यावा, म्हणजे त्याच मुलांना त्याचा उपयोग होईल. गुण मागण्याऐवजी काय समजले, काय समजले नाही आणि कशामुळे, एवढेच नाव न लिहिता कागदावर मागावे. पुढच्या आठवड्यात शिक्षकाने वर्गात उभे राहून मुलांनी काय सांगितले, त्यातले आपण काय बदलतो आणि काय बदलणार नाही ते कारणासह सांगावे. एका धड्यासाठी तरी उदाहरण, प्रकल्प किंवा मांडणीची रीत मुलांना निवडू द्यावी. अर्थशास्त्र शिकणाऱ्या माथाडीच्या मुलाला आडत, तोलाई आणि वाराईचा हिशेब हा प्रकल्प म्हणून का घेता येऊ नये? आणि सर्वांत आधी वर्गाची वेळ मुलांना विचारून ठरवावी.

अठरा तास अभ्यासाचा उपक्रम जरूर व्हावा. त्यातला शेवटचा एक तास मात्र मुलांना बोलण्यासाठी राखून ठेवावा. त्या तासाला शिक्षकांनी, संस्थाचालकांनी आणि आम्हा लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी समोर बसून ऐकावे. सव्वाशे वर्षांपूर्वी गोणपाटावर बसलेल्या मुलाला जे कोणी विचारले नाही, ते रात्रभर गोण्या उचलून आलेल्या मुलाला तरी कोणी विचारायला हवे.